लोकरी मोजे

मंगळवारपासून, आठवड्याचे तीन दिवस, असं पत्रात होतं.
पत्र गोड होतं. 'आपण' हा शब्द अकरा वेळा,
'यावंच लागेल' एकदाच, शेवटून दुसऱ्या ओळीत,
गुळात गोळी लपवावी तसं.

आमचं ऑफिस टांपेरेच्या जुन्या सूतगिरणीत,
धबधब्याला लागून, लाल विटांचं.
माग होते तिथे बसून आता आम्ही
लोकांच्या पेन्शनींची बेरीज करतो.
छतावर भोंगा अजून आहे. वाजत नाही.
त्याच्या आधी म्हणे बायका घरीच विणायच्या.
भोंगा बसवला तेव्हा कुणी त्यांना विचारलं असेल,
की नुसताच वाजवला?

आम्हाला विचारलं. सभा झाली.
घरून काम करावं का यावर,
ज्याच्या त्याच्या घरून.
ओत्सो म्हणाला, तळ्याकाठी घर घेतलंय मी,
शंभर किलोमीटरवर, कर्ज काढून, तुमच्याच शब्दावर.
त्याच्या मागे खिडकीत त्याची पोरगी
बर्फावरून रिकामी घसरगाडी ओढत होती,
बापाच्या रागाशी तिचं काही देणंघेणं नव्हतं.

राकेल बोलेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.
अठ्ठावीस चौरस मीटरची खोली माझी, ती म्हणाली.
डिसेंबरात नऊ दिवस मी तोंडातून आवाज काढला नाही.
दहाव्या दिवशी दुकानात 'पिशवी नको' म्हणायला गेले,
तर घसा गंजल्यासारखा.
मग माइक बंद करायचं विसरून
तिने नाक पुसलं.

दोघांचंही खरं होतं. हीच तर पंचाईत.
साहेबांनी तक्ता दाखवला,
त्यात एक निळी रेघ वर चढत होती.
मत द्यायची वेळ आली तेव्हा
माझं इंटरनेट गेलं, असं मी नंतर सांगितलं.

मंगळवारी इल्पो दारातच उभा, रखवालदार,
ओठ दाबून हसू आवरत.
दोन वर्षं सगळ्या कुंड्यांना पाणी घातलं त्याने,
आणि एकटाच म्हणून नावं ठेवली. आमचीच.
'तुओवी, तुम्हाला पाणी फार लागतं,' मला म्हणाला,
'आणि साहेब दिवाळं काढतात, दर महिन्याला
निम्मी पानं गाळून.'
माझ्या खणात एक सफरचंद निघालं, सुपारीएवढं झालेलं.
खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.
कॉफीच्या खोलीत राकेल एका फालतू विनोदावर
इतकी हसली, की विनोद सांगणारा घाबरला.
ओत्सो दहाला आला, दोन बस बदलून,
भुवयांवर बर्फ. तीनला परत निघाला,
काळोख पडायच्या आत एसटॉपवर पोचायचं म्हणून.
कुणाशी बोलला नाही. त्याची खुर्ची कितीतरी वेळ
हळूहळू फिरत राहिली.

आता एरिक्कीचं सांगते.
पस्तीस वर्षं कागदगिरणीत काढलेला माणूस,
त्याचं बोलणं म्हणजे ओरडणंच.
दार लावलं की शेजारी जागे व्हायचे.
मी स्वयंपाकघरात कॅमेरा मांडला, तेव्हा हा माणूस
म्हातारपणी गप्प राहायला शिकला.
लोकरी मोजे घालून चालायचा.
चमचा कपाला लागू द्यायचा नाही.
दाराआडून दोन बोटं: कॉफी हवी?
तळहात उताणा: सूप तयार आहे.
मूठ छातीवर: अजून किती वेळ?
लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण एवढं
आम्ही कधी बोललो नव्हतो.

त्या मंगळवारी साडेपाचला मी चावी फिरवली.
तो ओट्यापाशी, मोज्यांत.
रिकाम्या घरात दिवसभर
पाऊल न वाजवता फिरलेला.
मला बघून दोन बोटं वर केली.

अरे बोल ना, मी म्हटलं, आता कुणी ऐकत नाहीये.
त्याने तोंड उघडलं.
काय बोलावं ते शोधलं असावं.
मग चमचा उचलून
अलगद, आवाज न करता, बशीत ठेवला.

कोटही न काढता
मी दोन बोटं वर केली.